पासवर्ड साठवायचा नसतो: छोट्या वेबसाइटच्या लॉगिनची पायरी-पायरीने मांडणी

सोसायटीच्या मेंटेनन्सची साइट, क्लासचं विद्यार्थी-पोर्टल, पतसंस्थेची सभासद-नोंदणी, वधूवर सूचक मंडळाची यादी. अशी कामं बहुतेक वेळा पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये लिहिली जातात, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चढतात, आणि लिहिणारा पुढे दुसऱ्या नोकरीला लागतो. साइट मात्र वर्षानुवर्षं चालूच राहते. हा लेख अशी साइट पहिल्यांदा लिहिणाऱ्यासाठी आहे, आणि दुसऱ्याने लिहिलेली साइट ज्याच्या गळ्यात पडली आहे त्याच्यासाठीही.

सुरुवातीलाच एक गोष्ट गृहीत धरा: तुमचं यूजर्स टेबल कधी ना कधी बाहेर जाणार. एसक्यूएल इंजेक्शनने (फॉर्मच्या खान्यातून डेटाबेसच्या आज्ञा घुसवून) जाईल, होस्टिंग पॅनलचा पासवर्ड फुटून जाईल, नाहीतर पब्लिक फोल्डरमध्ये विसरलेल्या बॅकअप फाइलमधून जाईल. ते जाऊ नये म्हणून जे करायचं ते कराच, पण पासवर्ड साठवण्याचा विचार टेबल गेल्यानंतरच्या दिवसाचा असतो. ‘आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहेच काय?’ असं पुष्कळजण म्हणतात. तुमच्याकडे असलेला ईमेल आणि पासवर्ड हीच जोडी त्या माणसाने त्याच्या मेलला, शॉपिंगला आणि आणखी चार ठिकाणी वापरलेली असते. चोराला तीच हवी असते.

(फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट लिहायची.)

आधी, काय करायचं नाही

पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही २००९ मध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडे सापडले, आणि ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या बाराखडीत पहिली असते. त्यातला सर्वात लोकप्रिय पासवर्ड होता १२३४५६.

दुसरा मोह एन्क्रिप्शनचा. एन्क्रिप्ट केलेलं किल्लीने परत उघडता येतं, आणि सर्व्हर फोडणाऱ्याला बऱ्याचदा किल्लीही तिथेच मिळते. २०१३ मध्ये अडोबीच्या १५ कोटींच्या आसपास नोंदी बाहेर आल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण ज्या पद्धतीने केले होते तिच्यात सारखा पासवर्ड सारखाच दिसायचा. शेजारच्या कॉलममध्ये लोकांनी स्वतः लिहिलेल्या ‘आठवणीच्या खुणा’ होत्या, त्या उघड्या. किल्ली न सापडताही हजारो जणांच्या खुणा एकत्र वाचून पासवर्ड ओळखता येत होते. म्हणून पासवर्डसाठी हॅश वापरायचा. हॅश म्हणजे एकतर्फी गणित. पिठाचे परत गहू होत नाहीत तसं हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. फक्त अंदाज करून पाहता येतं: एक शब्द घ्या, त्याचा हॅश काढा, जुळतो का बघा.

आणि गोम या ‘अंदाज करून पाहण्यात’ आहे. एमडी५, शा-१, शा-२५६ ही सगळी हॅश फंक्शनं शक्य तितकी वेगवान व्हावीत म्हणून बनवलेली आहेत. मोठी फाइल तपासताना तो वेग हवाच असतो. पासवर्डच्या बाबतीत तो सगळा फोडणाऱ्याच्या कामी येतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे गेम खेळणाऱ्यांचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे १६० अब्ज एमडी५ काढतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे शक्य पासवर्ड मिळून २०९ अब्जांच्या आसपास होतात. म्हणजे दोन सेकंदांत सगळे तपासून झाले.

२०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख शा-१ हॅश बाहेर पडले तेव्हा आणखी एक दोष उघडा पडला. त्यांना सॉल्ट नव्हता. सॉल्ट म्हणजे प्रत्येक यूजरसाठी वेगळी, यादृच्छिक बाइट्सची जोड, जी पासवर्डबरोबर मिसळून मग हॅश काढतात. सॉल्ट नसेल तर एकदा काढलेला हॅश साऱ्या टेबलाशी ताडून बघता येतो, आणि आधीच तयार करून ठेवलेल्या याद्याही चालतात. सॉल्ट असेल तर प्रत्येक माणसासाठी नव्याने कष्ट करावे लागतात. ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधला सॉल्ट १९७९ मध्ये मांडून दाखवला होता, आणि गणित मुद्दाम संथ करण्याची युक्तीही तेव्हाचीच.

तिसरा मोह सर्वात गोड असतो: स्वतःची पाककृती. शा-२५६ काढा, त्यात ईमेल मिसळा, उलटं करा, पुन्हा एमडी५ काढा. गिटहबवरच्या अशा फंक्शनांकडे बघून करमणूक होते, सुरक्षितता मिळत नाही. कोड चोरीला गेला की पाककृतीही जाते, आणि ही सगळी गणितं कार्डावर वेगातच चालतात.

कोणता हॅश निवडायचा

पासवर्डसाठी खास बनवलेले, मुद्दाम संथ असे चार हॅश आज वापरात आहेत.

बीक्रिप्ट हा १९९९ चा, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांनी ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केलेला. त्याला ‘कॉस्ट’ नावाचा आकडा द्यायचा असतो. आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट. कॉस्ट १२ म्हणजे ४,०९६ फेऱ्या. वर सांगितलेलं तेच कार्ड कॉस्ट १२ च्या बीक्रिप्टसमोर सेकंदाला दीड हजारांच्या आसपास अंदाजांवर येतं. दोन सेकंदांचं काम साधारण साडेचार वर्षांचं झालं, आणि तेही दर यूजरमागे. यादीतला १२३४५६ मात्र तरीही पहिल्या सेकंदातच जाईल, त्याचं पुढे बघू.

आर्गॉन२ हा २०१५ मध्ये संपलेल्या खुल्या पासवर्ड-हॅशिंग स्पर्धेचा विजेता, लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांचा. तो वेळेबरोबर मेमरीही खातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी हजारो अंदाज चालवणं महाग पडतं. त्यातला ‘आर्गॉन२आयडी’ हा प्रकार घ्यायचा. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेची किमान शिफारस आहे १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या, १ थ्रेड.

उरलेले दोन: कॉलिन पर्सिव्हल यांचा २००९ चा एसक्रिप्ट, आणि पीबीकेडीएफ२. दुसरा कार्डासमोर सर्वात कमजोर. सरकारी प्रमाणपत्राची अट असेल किंवा फ्रेमवर्क आपणहून तोच देत असेल तर वापरा. शा-२५६ सोबत ६ लाख फेऱ्यांच्या खाली जाऊ नका.

माझं मत विचाराल तर शेअर्ड होस्टिंगवर बीक्रिप्ट, कॉस्ट १२, आणि विषय संपला. स्वतःचा सर्व्हर असेल तर आर्गॉन२आयडी. त्यातही मेमरीचा हिशेब आधी करा: पीएचपीमध्ये आर्गॉन२ची ठरलेली मेमरी ६४ मेबीबाइट आहे. निकालाच्या दिवशी क्लासचे ५० विद्यार्थी एकाच क्षणी लॉगिन करू लागले तर नुसत्या हॅशिंगलाच तीन जीबीहून जास्त मेमरी लागेल, आणि दोन जीबीचा सर्व्हर मान टाकेल. या दोनांत निवड करण्यात लोक आठवडे घालवतात. त्यातला निम्मा वेळ लॉगफाइल तपासण्यात घालवला तर जास्त फायदा होईल.

पायरी १: कॉलम

हॅशसाठी व्हारकॅर २५५ चा कॉलम ठेवा. बीक्रिप्टचं आउटपुट नेमकं ६० अक्षरांचं असतं, पण आर्गॉन२चं त्याहून लांब असतं आणि पुढे काय येईल सांगता येत नाही. जुन्या टेबलात एमडी५साठी ३२ किंवा ५० अक्षरांचा कॉलम असतो. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तो हॅशचं शेपूट निमूटपणे कापून टाकतो, नोंदणी यशस्वी दिसते आणि नंतर एकालाही लॉगिन करता येत नाही.

सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही. बीक्रिप्टची ती ६० अक्षरं नीट बघा: डॉलर चिन्ह, दोन-वाय, डॉलर, बारा, डॉलर, मग २२ अक्षरं सॉल्टची आणि ३१ हॅशची. कोणता प्रकार, किती कॉस्ट, कोणता सॉल्ट, सगळं त्याच ओळीत असतं. सॉल्ट गुप्त ठेवायचा नसतो, फक्त प्रत्येकाचा वेगळा असावा लागतो.

पायरी २: नोंदणी

पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन भाषेतच आहे. त्याला पासवर्ड द्या, ‘पासवर्ड_बीक्रिप्ट’ हा स्थिरांक द्या आणि पर्यायांत कॉस्ट १२ लिहा. पीएचपी ८.४ मध्ये १२ हाच ठरलेला आकडा झाला आहे, त्याआधी तो १० होता. होस्टिंगवाल्याने कोणती आवृत्ती ठेवली आहे याची खात्री नसते, म्हणून स्वतः लिहिलेला बरा. सॉल्ट स्वतः देऊ नका. ८.० पासून तो पर्याय स्वीकारलाच जात नाही, आणि हे बरंच झालं, कारण जुन्या ट्युटोरियलमध्ये सगळ्यांना एकच सॉल्ट देण्याची पद्धत होती.

कॉस्ट तुमच्याच सर्व्हरवर मोजा. ‘मायक्रोटाइम’ने आधीची आणि नंतरची वेळ घ्या. पाव सेकंद लागत असेल तर उत्तम, अर्ध्या सेकंदाच्या पुढे जात असेल तर आकडा एकाने उतरवा. १० च्या खाली कधीच नाही. लॅपटॉपवर मोजून चालणार नाही, शेअर्ड होस्टिंगचा प्रोसेसर दहा जणांत वाटलेला असतो.

पासवर्डच्या नियमांबद्दल अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं धोरण वाचण्यासारखं आहे. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह अशी सक्ती करू नका. दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका. किमान लांबी ठेवा, ६४ अक्षरांपर्यंत तरी स्वीकारा, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. आपल्याकडच्या बँकांच्या साइट नेमकं उलटं करतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. सक्तीतून लोक पहिलं अक्षर मोठं करतात आणि शेवटी ‘ॲट १२३’ जोडतात, आणि फोडणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरला हे पाठ आहे. पासवर्डच्या खान्यात पेस्ट करणं बंद करू नका. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसालाच त्याचा त्रास होतो.

फुटलेल्या यादीसाठी ट्रॉय हंट यांची ‘पॉन्ड पासवर्ड्स’ ही मोफत सेवा आहे. पासवर्डचा शा-१ काढायचा, त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची, आणि परत आलेल्या यादीत उरलेला भाग आपल्या सर्व्हरवरच शोधायचा. पूर्ण हॅश बाहेर जातच नाही. इथे शा-१ चालतो, कारण तो कुठे साठवायचा नाही. सेवा बंद असेल तर नोंदणी अडवू नका, पुढे जाऊ द्या.

पायरी ३: लॉगिन

इथे नवशिके सर्वात जास्त अडखळतात. जुन्या पद्धतीत क्वेरीतच ‘यूजरनेम हा आणि पासवर्ड तो’ असं विचारलं जायचं. आता ते चालत नाही. आलेल्या पासवर्डवर पुन्हा ‘पासवर्ड_हॅश’ चालवून जुन्याशी ताडून बघणंही चालत नाही, कारण दर वेळी नवा सॉल्ट घेतला जातो आणि उत्तर वेगळं येतं. क्रम असा:

१. प्रिपेर्ड स्टेटमेंट (यूजरने भरलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवण्याची पद्धत) वापरून फक्त यूजरनेमवरून रो आणा.

२. ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ला आलेला पासवर्ड आणि टेबलातला हॅश द्या. सॉल्ट काढणं, पुन्हा गणित करणं आणि वेळेवरून काही कळणार नाही अशा रीतीने तुलना करणं, सगळं तोच करतो.

३. रो सापडलाच नाही तरी ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ चालवा, आधी तयार करून ठेवलेल्या एका खोट्या हॅशवर. त्याची कॉस्ट बाकीच्यांइतकीच हवी. असं केलं नाही तर अस्तित्वात नसलेल्या यूजरला उत्तर लगेच मिळतं आणि असलेल्याला पाव सेकंदाने, आणि त्या फरकावरून तुमच्या सभासदांची यादी काढता येते. वधूवर मंडळाच्या साइटवर नुसतं नाव असणं हीसुद्धा खासगी माहितीच आहे.

४. चूक काहीही असो, संदेश एकच: ‘यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’

५. बरोबर असेल तर ‘सेशन_रीजनरेट_आयडी’ चालवून सेशनचा आयडी बदला आणि मग आत घ्या.

हॅश हाताने ताडून बघायची वेळ कुठे आलीच तर दोन बरोबरच्या चिन्हांनी बघू नका. पीएचपी शून्य आणि ‘ई’ने सुरू होणाऱ्या, पुढे सगळे आकडे असलेल्या मजकुराला संख्या समजतं, आणि अशा दोन वेगळ्या हॅशना ‘शून्य बरोबर शून्य’ म्हणून सारखं ठरवतं. २४०६१०७०८ या संख्येचा एमडी५ नेमका असा आहे. त्यासाठी ‘हॅश_ईक्वल्स’ आहे.

पायरी ४: कॉस्ट वाढवत राहणं

आज पुरेसा असलेला १२ पाच वर्षांनी पुरणार नाही. हॅशवरून पासवर्ड परत मिळत नसल्याने सगळ्यांचे हॅश एका रात्रीत बदलता येत नाहीत. पण लॉगिनच्या क्षणी खरा पासवर्ड तुमच्या हातात असतो. म्हणून तपासणी यशस्वी झाल्यावर ‘पासवर्ड_नीड्स_रीहॅश’ला विचारा. हॅश जुन्या कॉस्टचा किंवा जुन्या प्रकाराचा असेल तर ते होय म्हणतं, मग तिथल्या तिथे नवा काढून टेबलात लिहा. बीक्रिप्टवरून आर्गॉन२वर जायचं असेल तरी हीच तीन ओळींची सोय पुरते.

गळ्यात पडलेलं जुनं टेबल

टेबलात ३२ अक्षरांचे एमडी५ दिसले तर लोक पुढच्या लॉगिनची वाट बघत बसतात. पण निम्मे सभासद वर्षभर फिरकत नाहीत, आणि त्यांचे एमडी५ तसेच पडून राहतात. त्याऐवजी आजच सगळे एमडी५ बीक्रिप्टमध्ये गुंडाळा: जुना एमडी५ हाच जणू पासवर्ड आहे असं समजून त्यावर ‘पासवर्ड_हॅश’ चालवा आणि ‘हॅश_प्रकार’ अशा एका जादा कॉलममध्ये खूण करा. लॉगिनला ती खूण दिसली की आलेल्या पासवर्डचा आधी एमडी५ काढून मग व्हेरिफाय करायचं. जुळलं की सरळ पासवर्डवरून नवा हॅश लिहायचा आणि खूण बदलायची. हा शेवटचा टप्पा टाळू नका: दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटलेले एमडी५ चोराकडे असतील तर गुंडाळलेल्या हॅशवर तो ते थेट लावून बघू शकतो.

५,००० सभासद आणि दरेकी पाव सेकंद म्हणजे वीस-एकवीस मिनिटं. ब्राउझरमधून चालवलं तर पान मध्येच मरतं, कमांड लाइनवरून चालवा. आधी बॅकअप घ्या, आणि सगळं नीट चाललं की तो बॅकअप नष्ट करा. एमडी५चा जुना कॉलम ‘असू दे, लागला तर’ म्हणून ठेवायचा नाही.

तो ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण २०१५ मधल्या ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटच्या फुटीत आहे. तिथे पासवर्ड कॉस्ट १२च्या बीक्रिप्टमध्ये होते, अगदी शिस्तीत. पण दीड कोटींहून जास्त खात्यांसाठी दुसऱ्या एका कॉलममध्ये लॉगिनचं टोकन होतं, आणि ते टोकन पासवर्ड मिसळून एमडी५ने बनवलं होतं. फोडणाऱ्यांनी बीक्रिप्टला हातही लावला नाही. टोकनवरून पासवर्ड ओळखले आणि बीक्रिप्टवर फक्त खात्री करून घेतली. १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड काही दिवसांत उघडे झाले. तुमच्या कोडमध्ये ‘पासवर्ड’ हा शब्द शोधा आणि तो व्हेरिएबल कुठे कुठे जातो ते एकेक ओळ करून बघा. ‘मला लक्षात ठेवा’च्या कुकीत, एपीआयच्या टोकनमध्ये, ईमेलच्या मजकुरात तो कुठेही जाता कामा नये.

बहात्तर बाइट्स, आणि देवनागरी पासवर्ड

बीक्रिप्ट पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट्स बघतो, पुढचे सोडून देतो, आणि पीएचपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली चूक यातूनच झाली होती. कॅशची किल्ली म्हणून त्यांनी यूजर आयडी, यूजरनेम आणि पासवर्ड जोडून त्याचा बीक्रिप्ट काढला होता. यूजरनेम ५२ अक्षरांचं किंवा जास्त असलं की ७२ बाइट्स पासवर्डपर्यंत पोचायच्या आतच संपायचे, आणि काही परिस्थितींत कोणताही पासवर्ड चालून जायचा. धडा साधा आहे: बीक्रिप्टला पासवर्डच द्या, त्याच्यापुढे काही जोडू नका.

आपल्यासाठी हा प्रश्न आणखी जवळचा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, आणि मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतो. आत १० चिन्हं, ३० बाइट्स असतात. अशा तीन शब्दांचा पासवर्ड तिसऱ्या शब्दाच्या मध्येच कापला जाईल. उपाय दोन: ‘स्ट्रलेन’ने बाइट्स मोजून ७२ च्या वर गेलं तर यूजरला स्पष्ट सांगा, नाहीतर आर्गॉन२आयडी वापरा, त्याला ही मर्यादा नाही. आधी शा-२५६ काढून तो बीक्रिप्टला देण्याची युक्तीही सांगितली जाते. ती करताना कच्चे बाइट्स दिले आणि त्यांत शून्य बाइट निघाला तर घोटाळा होतो. बेस६४ करून द्यावं लागतं. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

दुसरी अडचण दिसतच नाही, म्हणून जास्त त्रासदायक. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरतात, काही र आणि त्याखाली नुक्ता, तर काही र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, हॅश तीन वेगळे येतात. फोनवर नोंदणी केलेला माणूस ऑफिसच्या संगणकावर अडकतो, आणि डोळ्याचं बटण दाबून पासवर्ड पाहिला तरी त्याला चूक सापडत नाही. हॅश काढण्याआधी पीएचपीच्या ‘नॉर्मलायझर’ने मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणा, पहिले दोन प्रकार त्याने एक होतात. झेडडब्ल्यूजेवाला होत नाही, त्याची बदली स्वतः करावी लागते. ‘ॲ’चंही तसंच: एक चिन्ह, किंवा अ आणि त्यावर चंद्र, आणि एनएफसी या दोघांना वेगळंच ठेवतं. या दोन बदल्यांचं एक छोटं फंक्शन लिहा आणि नोंदणी, लॉगिन, पासवर्ड बदलणं या तिन्ही ठिकाणी तेच वापरा. नंतर त्यात फेरफार केलात तर जुने लोक बाहेर राहतील. देवनागरी पासवर्डवर बंदी घालणं सोपं आहे, पण मग रोमन टायपिंग न येणाऱ्या सभासदाचा पासवर्ड त्याचा मोबाइल नंबरच असणार.

हॅशच्या आजूबाजूला

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटी, यूजरना पासवर्ड बदलायला सांगितलं. हॅश बीक्रिप्टचा होता, पण हॅश होण्याआधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. फेसबुकचंही २०१९ मध्ये हेच उघड झालं, आणि त्यासाठी आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. छोट्या साइटवर हे जास्त सोपेपणाने होतं: ‘तात्पुरतं’ म्हणून सगळा पोस्ट डेटा फाइलमध्ये लिहिणारी एक ओळ डीबगिंगनंतर तशीच राहते. पीएचपी ८.२ पासून फंक्शनच्या पॅरामीटरवर ‘सेन्सिटिव्ह पॅरामीटर’ अशी खूण करता येते, म्हणजे एरर आल्यावर स्टॅक ट्रेसमध्ये पासवर्ड छापला जात नाही. पासवर्ड गेटने, म्हणजे यूआरएलमधून, पाठवू नका, यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये जाते. एचटीटीपीएस तर हवंच.

लॉगिनचे प्रयत्न मर्यादित करा, पण नुसत्या आयपीवरून नाही. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचे शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असतात. एकाने धुडगूस घातला की बाकीचे निष्कारण अडकतात. खातं आणि आयपी दोन्ही मोजा, आणि खातं कायमचं बंद करण्याऐवजी दर चुकीमागे थांबण्याचा वेळ वाढवत न्या.

‘पासवर्ड विसरलात?’वर जुना पासवर्ड मेलने येत असेल तर समजा की तो उघडा किंवा परत उघडता येईल असा ठेवलेला आहे. त्याऐवजी ‘रँडम_बाइट्स’ने ३२ बाइट्सचं टोकन काढा, लिंक मेलने पाठवा, टेबलात त्या टोकनचा फक्त शा-२५६ ठेवा, मुदत अर्धा तास आणि वापर एकदाच. इथे संथ हॅश लागत नाही, कारण ३२ यादृच्छिक बाइट्सचा अंदाज कोणतंही कार्ड करू शकत नाही. सहा अंकी ओटीपीचं तसं नाही. त्याच्या शक्यता दहा लाखच, म्हणून हॅशपेक्षा प्रयत्नांची मर्यादाच त्याला वाचवते.

पेपर, म्हणजे सगळ्यांसाठी एकच गुप्त किल्ली, जी टेबलात न ठेवता बाहेर ठेवतात, हा जादा अडसर आहे. किल्ली हरवली तर सगळेच सभासद बाहेर राहतात. शेअर्ड होस्टिंगवर ती बहुधा कोडशेजारच्याच फाइलमध्ये राहते, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग थोडाच.

पीएचपी सोडून दुसरं काही वापरत असाल तर गोष्टी बऱ्याचदा सोप्या आहेत. जँगो पीबीकेडीएफ२ आपणहून वापरतं, नव्या आवृत्त्यांत फेऱ्या वाढवत नेतं आणि लॉगिनला रीहॅशही स्वतःच करतं. तिथे हात न लावणं हेच शहाणपण. जावाच्या स्प्रिंग सिक्युरिटीत हॅशच्या आधी प्रकाराचं नाव लिहिलं जातं, त्यामुळे जुने-नवे एकत्र नांदतात. नोडमध्ये बीक्रिप्टची असिंक पद्धत वापरा, नाहीतर एकाचं लॉगिन चालू असताना सगळी साइट थांबते.

संस्थेच्या सचिवांना वेळ आणि पैसे का लागतात हे पटवायचं असेल तर कायदा दाखवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत पासवर्ड ही संवेदनशील वैयक्तिक माहिती म्हणून नोंदलेली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं.

साइट चढवण्याआधी तपासायचं ते

दोन खाती एकाच पासवर्डने उघडा. टेबलात हॅश वेगळे दिसायला हवेत. ७३ अक्षरांचा पासवर्ड देऊन बघा, मग त्याचं शेवटचं अक्षर बदलून लॉगिन होतंय का बघा. ‘वाऱ्यावर’ फोनवरून नोंदवा आणि संगणकावरून टाइप करा. नसलेल्या यूजरनेमने लॉगिन करा आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये वेळ ताडून बघा. शेवटी एखादा विचित्र, दुसरीकडे कुठेच सापडणार नाही असा पासवर्ड ठेवून नोंदणी, चुकीचं लॉगिन, बरोबर लॉगिन आणि पासवर्ड बदल असं सगळं करा, आणि मग तो शब्द सर्व्हरच्या प्रत्येक लॉगफाइलमध्ये, सेशन फोल्डरमध्ये आणि डेटाबेसच्या पूर्ण डंपमध्ये शोधा. एकाही ठिकाणी सापडला तर साइट चढवायची नाही.